पाण्यातले पाऊल, जमिनीवरची चाल

"डॉक्टर, पाण्यात व्यायाम केला तर बाबा लवकर चालू लागतील का?" पक्षाघात (लकवा) झालेल्या रुग्णाच्या घरचे हा प्रश्न विचारतात. उत्तरासाठी थोडे मागे जाऊ या.

१९२१ मध्ये अमेरिकेचे फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय लुळे पडले. निदान पोलिओचे झाले. १९२४ मध्ये ते जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे गेले. तिथल्या सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या झऱ्याच्या पाण्यात ते उभे राहू शकले. त्यांनी १९२६ मध्ये ती जागाच विकत घेतली आणि तिथे पोलिओ रुग्णांसाठी उपचार केंद्र उभे केले. पण पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही जमिनीवर उभे राहायला त्यांना कॅलिपर लागतच.

असे का? कमरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराचा साधारण निम्माच भार येतो, छातीइतक्या पाण्यात एक तृतीयांश. तोल गेला तरी माणूस सावकाश कलतो, सावरायला वेळ मिळतो. पाणी असा आधार देते. पोलिओत मेलेल्या चेतापेशी मात्र परत आणत नाही.

१९४९ मध्ये लंडनच्या हॅलिविक शाळेतील अपंग मुलींना जेम्स मॅकमिलन या अभियंत्याने पोहायला शिकवले. तरंगण्यासाठी ट्यूब नाही. प्रत्येक मुलीसोबत एक मदतनीस आणि भर तोल सांभाळण्यावर. हीच पद्धत पुढे पक्षाघाताच्या रुग्णांसाठीही वापरली जाऊ लागली.

पक्षाघातात आशेला जागा अधिक आहे, कारण मेंदूचा शाबूत भाग सरावाने नव्याने शिकू शकतो. २००४ मध्ये कॅनडातील १२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी ८ आठवडे, आठवड्यातून तीनदा पाण्यात व्यायाम केला, त्यांचा चालण्याचा वेग आणि कमजोर पायाची ताकद वाढली. मात्र २०११ च्या कॉक्रेन आढाव्यात चारच अभ्यास आणि ९४ रुग्ण होते. ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा मिळाला नाही. नंतरचे अभ्यास तोल आणि चालण्याबाबत आशादायक आहेत, पण बहुतेक लहानच.

म्हणून पाण्यातला व्यायाम हा जमिनीवरच्या सरावाला जोड समजा, पर्याय नव्हे. तलाव जवळ नसेल तर खंत करू नका. घरी रोजचा सराव सोडू नका. आणि जायचेच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. रक्तदाब आटोक्यात नसेल, फिट येत असेल किंवा उघडी जखम असेल तर थांबा. फिजिओथेरपिस्ट सोबत हवाच. नदी किंवा विहिरीत हा प्रयोग कधीही करू नका.