फ्लो सायटोमेट्री : रक्तातील रोगप्रतिकारक पेशींची ओळख

द्रवाच्या बारीक धारेतून एकामागून एक वाहणाऱ्या पेशींवर लेसर किरण टाकून, त्यांनी विखुरलेल्या व उत्सर्जित केलेल्या प्रकाशाच्या मापनावरून प्रत्येक पेशीचे आकारमान, अंतर्रचना व पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिने ठरविण्याची पद्धती. महाराष्ट्रात या पद्धतीचा मोठा उपयोग एचआयव्हीबाधितांच्या तपासणीत झाला. आणि त्या कामाचे एक प्रमुख ठाणे म्हणजे १९९२ साली स्थापन झालेली, पिंपरी-चिंचवडमधील भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, लेथ आणि साचेकामाच्या कारखान्यांच्या शेजारात वसलेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था होय.

रक्ताचा पातळ थर काचपट्टीवर पसरून रंगविला, की सूक्ष्मदर्शकाखाली न्यूट्रोफिल, मोनोसाइट व लिंफोसाइट यांच्यातील भेद सरावलेल्या डोळ्याला सहज कळतो; परंतु दोन लिंफोसाइट शेजारी ठेवले असता, वाटोळे केंद्रक आणि भोवती पेशीद्रव्याची अरुंद कड यांपलीकडे त्यांतून काहीच निष्पन्न होत नाही, मग त्यांपैकी एक प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या वंशाचा असो की दुसरा विषाणुग्रस्त पेशींचा नाश करणारा असो. हा भेद पृष्ठभागावरील प्रथिनांत असतो. ती प्रथिने नेमकी हेरणारी मोनोक्लोनल प्रतिपिंडे तयार करण्याची युक्ती कोलर व मिलस्टाइन यांनी १९७५ साली सिद्ध केली. पेशी वेगळ्या काढणारे यंत्र त्यापूर्वीच, १९६५ साली, फुलवायलर यांनी लॉस अ‍ॅलामॉस येथे बनविले होते आणि स्टॅनफर्डच्या हर्झेनबर्ग यांनी त्याला अनुदीप्तीची जोड दिली होती. प्रतिपिंडांची गर्दी वाढून प्रत्येक प्रयोगशाळा आपापली नावे वापरू लागली, तेव्हा १९८२ साली पॅरिस येथील परिषदेत सीडी ही क्रमवार नामपद्धती ठरविण्यात आली.

तपासणीसाठी जांभळ्या टोपणाच्या, ईडीटीए घातलेल्या नळीत शिरेतील रक्त घेतात. हा नमुना शीतकपाटात ठेवू नये आणि उन्हातही राहू देऊ नये, हा दंडक दूरच्या केंद्रांवरून नमुने मागविताना विशेष कसोशीने पाळावा लागतो. त्यातील ५० किंवा १०० मायक्रोलीटर रक्त चाचणी-नळीच्या थेट तळाशी सोडून, त्यात अनुदीप्त रंग जोडलेली प्रतिपिंडे मिसळतात व नळी पंधरा-वीस मिनिटे अंधारात ठेवतात. रक्ताचा ओघळ नळीच्या कडेला लागून राहिला, तर त्यातील पेशींना प्रतिपिंड पोचत नाही, आणि पुढे त्या खाली आल्या म्हणजे अरंजित पेशी म्हणून दप्तरात चढतात. सबब नवशिक्याचा हात प्रथम येथे तपासला जातो. एका मायक्रोलीटर रक्तात पन्नास लाखांच्या आसपास तांबड्या पेशी, तर पांढऱ्या पेशी अवघ्या चार ते अकरा हजार असतात. म्हणून त्यानंतर विशिष्ट द्रावणाने तांबड्या पेशी फोडून टाकतात.

यंत्रात सभोवतालच्या द्रवाच्या दाबाने पेशींची एकेरी रांग होते. बहुधा ४८८ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा लेसर पेशीवर पडला, की समोर विखुरलेला प्रकाश तिच्या आकारमानाची आणि बाजूला विखुरलेला प्रकाश तिच्यातील कणांची कल्पना देतो, तर रंगांची अनुदीप्ती निरनिराळ्या गाळण्यांतून निरनिराळ्या ग्राहकांकडे जाते. एका रंगाचा प्रकाश दुसऱ्याच्या हद्दीत थोडाफार शिरतोच. त्याची वजावट गणिताने केली नाही, तर नसलेल्या पेशी दिसू लागतात.

ओळखीचा खरा प्रश्न त्यानंतरचा, आणि तो यंत्राने सुटत नाही. पडद्यावरील ठिपक्यांच्या पुंजांभोवती मर्यादा आखून हव्या त्या पेशी निवडण्याचे काम जाणकाराचे असते. सर्व पांढऱ्या पेशींवर सीडी४५ असते, आणि लिंफोसाइटवर ते अधिक असून त्यांच्यापासून बाजूला विखुरलेला प्रकाश कमी असतो. या जोडीने प्रथम लिंफोसाइट वेगळे पडतात. त्यांत सीडी३ असलेल्या टी-पेशी, सीडी१९ असलेल्या बी-पेशी, आणि सीडी३ नसून सीडी१६ किंवा सीडी५६ असलेल्या नैसर्गिक मारक पेशी होत. टी-पेशींत पुन्हा सीडी४ असलेल्या साहाय्यक व सीडी८ असलेल्या मारक अशी विभागणी होते. मात्र कोणत्याही एका खुणेची साक्ष पुरेशी धरू नये: सीडी४ मोनोसाइटवरही, क्षीण प्रमाणात, असते आणि सीडी८ काही नैसर्गिक मारक पेशींवरही आढळते. केवळ सीडी४ पाहून मोजणी करणाऱ्याने मोनोसाइटांना टी-पेशींत जमा धरले, तर ज्याच्या टी-पेशी आधीच घटल्या आहेत त्या रुग्णाचा आकडा फसवा वाढतो. म्हणून सीडी३ व सीडी४ या दोहोंची एकत्र शहानिशा करणे अनिवार्य मानले जाते.

या सावधगिरीला भोसरीत व्यावहारिक वजन होते. एचआयव्ही सीडी४ रेणूला चिकटूनच पेशीत शिरतो व साहाय्यक टी-पेशी घटवितो. निरोगी प्रौढात त्या प्रत्येक मायक्रोलीटरमागे साधारण ५०० ते १५०० असतात. १ एप्रिल २००४ रोजी सरकारने विषाणुरोधक औषधे मोफत देण्यास आरंभ केला, तेव्हा २०० पेक्षा कमी आकडा ही औषधाची प्रमुख कसोटी होती. ती मर्यादा पुढे ३५० व नंतर ५०० वर नेण्यात आली. म्हणजे औषध मिळणे अथवा लांबणे हे अनेकदा त्या एका आकड्यावर ठरत होते. आकडा काढण्याची रीत सोपी आहे: ५० मायक्रोलीटर रक्तात ५०,००० अनुदीप्त मणी घालून, १०,००० मणी मोजले जाईपर्यंत ३,००० सीडी४ पेशी आढळल्या, तर मूळ रक्तात दर मायक्रोलीटरला ३०० पेशी होत्या. परंतु रक्त घेताना हाताकडून दहा टक्के चूक झाली, तर उत्तरातही जवळजवळ तेवढीच चूक उतरते, आणि मर्यादेलगतच्या रुग्णाला ती महागात पडते. देशभरच्या केंद्रांतील मोजण्या एकमेकींशी जुळाव्यात, यासाठी ज्ञात नमुने पाठवून त्यांची उत्तरे पडताळण्याचे काम याच संस्थेने केले, आणि माझ्या मते तिच्या अनेक शोधनिबंधांपेक्षा हे नीरस कामच रुग्णाच्या अधिक उपयोगी पडले.

२०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकास आकडा न पाहता औषध देण्याचे धोरण आले, आणि संस्थेचे नाव व कार्यक्षेत्रही अलीकडे विषाणुशास्त्राच्या दिशेने विस्तारले. तरीही २०० पेक्षा कमी सीडी४ असलेल्या रुग्णास क्षय व बुरशीजन्य मेंदूज्वर यांचा धोका अधिक असल्याने त्याच्या तपासण्या व प्रतिबंधक औषधे आजही या मोजणीवरून ठरतात. रक्ताच्या कर्करोगात पेशींचा वंश व परिपक्वता ठरविण्यासाठी हीच पद्धती, सीडी३४, सीडी१० यांसारख्या अन्य खुणांसह, वापरली जाते.