शेगावच्या स्टेशनावरची कचोरी

सोनाळ्याहून शेगावला दर्शनाला गेलो की येताना आपण कचोरीचा पुडा आणतोच. घरी मात्र ज्वारीची भाकर, झुणका, ठेचा. मग ही मैद्याची कचोरी आली कुठून? फाळणीत गाव सुटलेले पंजाबचे तीरथराम शर्मा शेगावला आले आणि 1950च्या सुमारास स्टेशनावर कचोरी विकू लागले. मुंबई-हावडा लाइन, गाडी थोडाच वेळ थांबायची. आत मुगाच्या डाळीचं सारण, सोबत तळलेली मिरची. ताट-वाटी काही नको, कागदात घेतली की चढा डब्यात! प्रवाशांनीच तिचं नाव दूरवर नेलं.

आम्ही तत्त्वज्ञानाच्या तासाला ‘आपलं’ आणि ‘परकं’ यावर वर्षानुवर्षं बोललो. ही कचोरी कधी आठवली नाही. पाहुण्याला मात्र बिनदिक्कत सांगायचो, घ्या, आपल्या वऱ्हाडची आहे.