लोहाराचा भाता आणि पाण्याची बाटली



लोहाराचा भाता आपण सर्वांनीं पाहिलेला आहे. भाता हालला कीं निखारे फुलतात. तो थांबला कीं राखेखालीं निजतात. आतां अशी कल्पना करा कीं, हा भाता हालविण्यास माणूस लागत नाहीं. भट्टींतून निघणारा धूरच तो हालवीत आहे. भट्टी जितकी पेटेल तितका धूर जोराचा, आणि धूर जितका जोराचा तितकी भट्टी अधिक पेटणार! मोटारीच्या इंजिनास जोडतात तो टर्बोचार्जर म्हणजे असाच धुरानें चालणारा भाता होय. अशी भट्टी पाहून सुज्ञ माणसाच्या मनांत पहिला प्रश्न येईल तो हा, कीं हिला आवरणार कोण? अमेरिकेंतील दांडग्या मोटारींना हा भाता जोडण्याचा इतिहास खरें पाहतां याच एका प्रश्नाचा इतिहास आहे.

मूळ कल्पना अमेरिकेची नव्हे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानें १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंबरोबर इंधनाच्या शक्तीचा मोठा वांटा फुकट जातो. त्या वायूंच्या वाटेवर पात्यांचें एक चाक बसवावें, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास दुसरें चाक जोडावें, आणि या दुसऱ्या चाकानें बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरावी. हवा अधिक तर पेट्रोल अधिक जळतें, आणि पेट्रोल अधिक जळलें कीं शक्ति वाढते. १९१८ सालीं सॅनफर्ड मॉस या अमेरिकन अभियंत्यानें कोलोरॅडोंतील पाइक्स पीक या सुमारें १४,००० फूट उंचीच्या शिखरावर एक लिबर्टी विमान-इंजिन नेलें. तेथील विरळ हवेंत त्याची शक्ति २३० अश्वशक्तीपर्यंत उतरली होती. हें यंत्र जोडतांच ती ३५६ झाली. पुढें दुसऱ्या महायुद्धांत बी-१७ सारखीं अमेरिकन बाँबफेकी विमानें याच युक्तीच्या बळावर उंच आकाशांत उडालीं.

परंतु आकाशांतील गोष्ट निराळी आणि रस्त्यावरची निराळी. आकाशांत हवा विरळ असते, आणि विमानाची निगा राखण्यास तरबेज कारागीर असतात. रस्त्यावर हवा दाट, आणि चालविणारा तुमच्याआमच्यासारखा संसारी माणूस! हवा दाबली कीं ती तापते. ठिणगी पडल्यावर सिलिंडरमधील मिश्रण एका बाजूकडून दुसरीकडे शिस्तीनें जळत गेलें पाहिजे. पण दाब व उष्णता मर्यादेबाहेर गेलीं तर शेवटचा भाग आपण होऊनच भडकतो. मग इंजिनांतून ठोके ऐकूं येतात. ते वेळींच थांबविले नाहींत, तर पिस्टन निकामी होतो. अति तेथें माती, असें आपण म्हणतों तें येथें अक्षरशः खरें ठरतें.

१९६२ सालीं जनरल मोटर्स कंपनीच्या दोन शाखांनीं हा भाता सामान्य गिऱ्हाइकाच्या मोटारींत बसविला. शेव्हरोलेनें आपल्या कॉर्व्हेअर मोटारींत सोपा मार्ग धरला. इंजिनांतील मूळचें दाबाचें प्रमाण कमी करून आठास एक ठेवलें, म्हणजे भात्याच्या दाबाला जागा उरली. ओल्ड्समोबिलनें जेटफायर या मोटारींत अधिक धाडस केलें. तिचें अॅल्युमिनियमचें आठ सिलिंडरांचें इंजिन २१५ घनइंचांचें. त्यांतून २१५ अश्वशक्ति काढण्यांत आली. दाबाचें प्रमाण मात्र सव्वादहास एक, म्हणजे चढेंच राहिलें. मग ठोके थांबावयाचे कसे? त्यासाठीं मद्यार्काचाच एक प्रकार जें मेथॅनॉल, तें शुद्ध पाण्यांत मिसळून एका टांकींत भरलें होतें. भात्याचा जोर वाढला कीं हें मिश्रण इंजिनांत फवारलें जाई आणि आंतील उष्णता शोषून घेई. त्याला नांव मोठें भपकेदार दिलें होतें: ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’!

युक्ति निर्दोष होती. तिनें गृहीत धरलेला माणूस मात्र निर्दोष नव्हता. टांकी रिकामी झाली कीं भात्याचा दाब आपोआप तोडण्याची सोय होती, म्हणून इंजिन वांचे. पण मोटार मंदावे. पेट्रोल भरावयाचें सर्वांना ठाऊक. मोटारीला पाणीहि पाजावें लागतें, हें किती जण लक्षांत ठेवणार? दोन वर्षांत १०,००० हूनहि कमी जेटफायर तयार झाल्या. १९६५ सालीं कंपनीनेंच भाता काढून साधा कार्बुरेटर बसवून देण्याची तयारी दाखविली, आणि पुष्कळ मालकांनीं ती आनंदानें स्वीकारली.

त्यानंतर अमेरिकेनें दुसरीच वाट धरली. १९६४ सालच्या पाँटिअॅक जीटीओपासून ज्यांना ‘मसल कार’, म्हणजे पिळदार मोटारी, म्हणतात त्यांचें युग सुरू झालें. भाता नको, भट्टीच मोठी बांधूं, असा हा विचार. जीटीओचें इंजिन ३८९ घनइंचांचें होतें. पण १९७० चा हवाशुद्धीचा कायदा, विम्याचे चढते दर आणि १९७३ ची तेलटंचाई यांनीं हें युग संपविलें.

तेव्हां पुन्हां भात्याची आठवण झाली. १९७८ सालीं ब्यूइकनें आपल्या २३१ घनइंचांच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनास टर्बोचार्जर जोडला, आणि या वेळीं इंजिनाला एक ‘कान’ही दिला. ठोक्याची पहिली चाहूल लागतांच हें साधन ठिणगीची वेळ मागें ओढी. पहारा माणसाकडून यंत्राकडे गेला. पुढें दाबलेली हवा थंड करून आंत सोडण्याची व्यवस्था झाली, आणि १९८७ सालीं तेंच इंजिन २४५ अश्वशक्ति देऊं लागलें. जीएनएक्स नांवाच्या ५४७ खास मोटारींत तो आंकडा २७६ होता.

आज अमेरिकेंतील अनेक हौशी लोक जुन्या पिळदार मोटारींच्या इंजिनांना टर्बोचार्जर जोडून त्या नित्याच्या रस्त्यावर चालवितात. हें काम करणारा जाणता कारागीर आधीं जोर किती वाढेल हें पाहत नाहीं. जोर कसा आवरेल हें पाहतो. दाबाचें प्रमाण उतरवावें, घडाईचे मजबूत पिस्टन घालावे, फाजील धूर चाकाला वळसा घालून सोडणारी झडप बसवावी, हवा थंड करावी, आणि पेट्रोलचें माप संगणकाच्या हातीं द्यावें, हा त्याचा क्रम. आणि मौज अशी कीं, पाणी व मेथॅनॉल यांची ती जुनी टांकीही पुष्कळांनीं परत बसविली आहे. जेटफायरचा शोध चुकीचा नव्हता; त्यावर लक्ष ठेवणारें साधन तेवढें उशिरा आलें.

शक्ति उत्पन्न करण्याची युक्ति १९०५ सालींच सांपडली होती. ती घरच्या मोटारींत सुखानें नांदावयास आणखी सुमारें पाऊणशें वर्षें लागलीं. आणि तीं सारीं गेलीं तीं भाता हालविण्यास नव्हेत, तर तो थोपविण्यास शिकण्यांत.