दोन कुलुपांचं दार

ऑक्सफर्ड म्हटलं की आपल्यासमोर विद्येची पंढरीच उभी राहते. पण या पंढरीच्या महाद्वाराला जवळजवळ पावणेतीनशे वर्षं कुलूप होतं! १५८१ पासून तिथे नाव घालायचं म्हणजे इंग्लंडच्या चर्चची ३९ कलमं मान्य असल्याची सही करावी लागे. कॅथलिक मुलगा ती करणार कशी? केंब्रिजला शिकता येई, पण पदवीच्या वेळी अडवणूक. सिल्व्हेस्टर नावाचा ज्यू गणिती १८३७ साली तिथल्या परीक्षेत दुसरा आला आणि पदवीविनाच बाहेर पडला.

१८५४ च्या कायद्याने ऑक्सफर्डची बी.ए. सर्वांना खुली झाली आणि १८७१ च्या कायद्याने फेलोशिपसकट बहुतेक सगळं. (आपले रँग्लर परांजपे पुढे केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेजचे फेलो होऊ शकले, त्यामागे हाच १८७१ चा कायदा.)

तर सरकारी कुलूप निघालं. आता मुलं आनंदाने आत गेली असतील असं वाटेल, पण नाही. दुसरं कुलूप घातलं ते त्यांच्याच बिशपांनी! प्रोटेस्टंट वातावरणात, शिवाय त्या काळच्या संशयवादाच्या वाऱ्यात, पोरांची श्रद्धा टिकायची नाही ही धास्ती. १८६७ मध्ये रोमहूनही तसाच आदेश आला. या मनाईमागचे मोठे नाव कार्डिनल मॅनिंग. गंमत म्हणजे ते स्वतः ऑक्सफर्डचे, आधी अँग्लिकन पाद्री आणि नंतर कॅथलिक झालेले. त्यांनी १८७४ मध्ये लंडनला केन्सिंग्टनमध्ये कॅथलिकांचं वेगळं कॉलेज काढून पाहिलं, पण ते काही वर्षांतच गुंडाळावं लागलं.

जॉन हेन्री न्यूमन हेही ऑक्सफर्डचेच, १८४५ मध्ये कॅथलिक झालेले. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. मुलं जाणारच, तर तिथे त्यांच्या पाठीशी कुणीतरी असावं. त्यासाठी त्यांनी १८६४ मध्ये ऑक्सफर्डमध्ये जागाही घेतली. पण वरिष्ठांनी ते होऊ दिलं नाही.

मला या बिशपांना हसावंसं वाटत नाही. पोरगं शहरात शिकायला गेलं की देवधर्म विसरतं, ही भीती आपल्या गावागावांतून मी ऐकली आहे. पण भीतीपोटी दार लावून घेतलं की ज्याला जायचं तो खिडकीतून जातो, आणि मग त्याच्यासोबत कुणीच नसतं.

ऑक्सफर्डला तसंच झालं. मनाई असूनही काही कॅथलिक मुलं गेलीच. १८७८ मध्ये त्यांच्यासाठी एक छोटा कॅथलिक क्लब निघाला. बंड वगैरे काही नाही. परक्या घरात आपल्या माणसांनी एकत्र बसावं, एवढंच. म्हणजे मुलांच्या श्रद्धेची जी काळजी बिशपांना होती, तिचं उत्तर मनाई मोडणाऱ्यांनीच शोधलं! त्याच वर्षी ट्रिनिटी कॉलेजने न्यूमनना मानद फेलो केलं आणि ते ३२ वर्षांनी ऑक्सफर्डला आले. पुढच्या वर्षी ते कार्डिनल झाले. १८८८ मध्ये क्लबने त्यांचं नाव घेतलं, न्यूमन सोसायटी. म्हाताऱ्या न्यूमननी संमती दिली. १८९० मध्ये ते वारले.

मॅनिंग १८९२ मध्ये गेले आणि १८९५ मध्ये मनाई उठली. अट अशी, की मुलांसाठी धर्मगुरू नेमावा आणि त्यांना व्याख्यानं द्यावीत. म्हणजे तीस वर्षांपूर्वी न्यूमन जवळपास जे मागत होते, तेच! तोवर तिकडे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, १८९३ मध्येच न्यूमन क्लब निघाला होता, आणि मग तिथल्या कितीतरी विद्यापीठांत.

ऑक्सफर्डच्या कॅथलिक मुलांचे पुढचे प्रसिद्ध धर्मगुरू रोनाल्ड नॉक्स. १९२६ ते १९३९ अशी तेरा वर्षं ते तिथे होते आणि जोडीला रहस्यकथाही लिहीत. त्यांचे वडील कोण? मँचेस्टरचे अँग्लिकन बिशप!