घराचे दोन हिशेब

सरकारी पैशाचा हिशेब चोख लागला, म्हणजे गरिबाचें घरही चोख उभें राहिलें, असें आपण सहज धरून चालतों. परंतु हे दोन हिशेब निराळे आहेत. लातूर व नांदेड या मराठवाड्यांतील दोन जिल्ह्यांचा अलीकडील इतिहास पाहिला असतां ही गोष्ट स्पष्ट होते.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं पहांटे, लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत भूकंप होऊन सुमारें आठ हजार माणसें दगावलीं. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती व वरचें जड माळवद हींच निजलेल्यांचा काळ झालीं. १९९४ सालीं जागतिक बँकेच्या २४ कोटी ६० लाख डॉलरांच्या कर्जाच्या आधारें पुनर्वसनाचें मोठें काम सुरू झालें.

किल्लारीसारखीं ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. जमीनधारणेप्रमाणें २५०, ४०० व ७५० चौरस फुटांचीं घरें तेथें ठेकेदारांनीं आणि दानशूर संस्थांनीं बांधलीं. घरधन्याकडे राहिलें तें फक्त किल्ली घेण्याचें काम. जेथें घरें अंशतः पडलीं होतीं, तेथें मात्र मालकानेंच बांधावें व सरकारनें हप्त्याहप्त्यानें पैसे द्यावे, असें ठरलें. काम ठरल्या टप्प्यापर्यंत आलें, अभियंत्यानें तें पाहून सही केली, कीं पुढचा हप्ता बँकेंत जमा व्हावयाचा. या कामीं स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साह्यानें गांवोगांवच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमण्यांत आल्या. हप्ता केव्हां मिळतो, भिंतींत काय घालावें, हें त्या बायांना कळूं लागलें. जिला त्याच भिंतीखालीं निजावयाचें आहे, तिच्याइतका दक्ष तपासनीस कोणत्या कचेरींत मिळणार?

पुढें डिसेंबर २००५ मध्यें जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान निघालें व त्यांत नांदेड शहराची निवड झाली. झोपडपट्टींतील घरांसाठीं नांदेडसारख्या शहरांस केंद्राचा वांटा शेंकडा ८० होता. लाभधारकानें शेंकडा १२, दुर्बल घटकांतील असल्यास १०, भरावे असा नियम होता. त्रयस्थ संस्थेकडून तपासणीचीही तरतूद होती. तरीही महालेखापरीक्षकांच्या २०१२ च्या अहवालांत आढळलें तें असें, कीं देशभर मंजूर झालेल्या १,५१७ गृहप्रकल्पांपैकीं ३१ मार्च २०११ पर्यंत अवघे २२ पुरे झाले होते. अपात्रांस लाभ मिळाल्याचींही उदाहरणें त्यांत नमूद आहेत.

देखरेख नसली तर पैसा गळतो हें खरें; पण देखरेख रेंगाळली तरीही गरीब नागवला जातो. झोपडी मोडून तो भाड्याच्या खोलींत गेलेला असतो. सहीला दोन महिने लागले, तर त्या दोन महिन्यांचें भाडें कोणत्याही सरकारी वहींत चढत नाहीं. तें सावकाराच्या वहींत चढतें.

२०१५ पासून पंतप्रधान आवास योजनेंत बांधकामाचीं छायाचित्रें स्थळाच्या नोंदीसह घेऊन हप्ता थेट खात्यांत टाकण्याची पद्धत आली. ती स्तुत्य आहे. परंतु छायाचित्रांत भिंत दिसते, तिच्यासाठीं काढलेलें कर्ज दिसत नाहीं. म्हणून आमचें म्हणणें इतकेंच, कीं तपासनिसानें कामाबरोबर आपल्या विलंबाचाही हिशेब द्यावा आणि त्या हिशेबावर घरच्या बाईची सही असावी.