पाठीवरची पाटी

स्मरणिकेसाठी लेख मागताना संयोजकांनी मला एकच अट घातली: 'काहीही लिही, पण कॉम्प्युटरबद्दल नको.' म्हणून पाण्याबद्दल लिहिते. मी गेली काही वर्षे स्कूबा डायव्हिंग करते, हे आपल्या बॅचच्या ग्रुपवर कळल्यापासून दोन प्रश्न सारखे येतात. पहिला, 'नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या सोलापूरची मुलगी समुद्राच्या तळाशी काय करते?' त्याचे उत्तर स्नेहसंमेलनात समोरासमोर देईन. दुसरा प्रश्न फोटो पाहून आलेला: 'ते पाठीवर लोखंडी ताट का बांधलंयस?' हा लेख त्या ताटाबद्दल आहे. आपल्या इतिहासाच्या बाई नेहमी 'कारणे द्या' हा प्रश्न हमखास घालायच्या. तोच प्रश्न एका वस्तूला विचारला, एवढेच.

त्या ताटाला 'बॅकप्लेट' म्हणतात. मी त्याला पाटी म्हणते. फूट-सव्वा फूट उंचीची, मणक्यासाठी मधोमध पन्हाळीसारखी वाकवलेली धातूची पाटी. तिच्या खाचांतून एक लांबलचक पट्टा ओवलेला असतो, तो खांद्यांवरून आणि कमरेभोवती येतो. हा झाला 'हार्नेस'. पाटीच्या मागे हवेची फुगणारी पिशवी, म्हणजे 'विंग', आणि तिच्याही मागे सिलिंडर. पाण्याखालच्या माणसाचे सगळे ओझे या पाटीवर टांगलेले असते.

तुम्हाला ही कल्पना परकी वाटायचे कारण नाही. आपल्या वर्गातली निम्मी मुले देगाव-बाळ्याकडच्या मळ्यांतल्या विहिरींत पोहायला शिकली, तीही पाठीला पत्र्याचा रिकामा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधून. त्यातली मेख शिकवणाऱ्या काकाला बरोबर माहीत असे. डबा मानेकडे सरकला तर तोंड पाण्यात दाबले जाते, कमरेखाली घसरला तर पाय वर आणि डोके खाली. म्हणजे डबा किती मोठा यापेक्षा तो कुठे आणि किती घट्ट बांधला, यावर पोराचा जीव अवलंबून. पाणबुड्यांच्या जगाला हीच गोष्ट नीट बसवायला छत्तीस वर्षे लागली.

१९४३ साली फ्रान्समध्ये नौदल अधिकारी जाक कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी मागणीनुसार हवा देणारा रेग्युलेटर तयार केला. पाणबुड्या जेवढा श्वास घेईल तेवढीच हवा, तीही भोवतालच्या पाण्याच्या दाबाने मिळू लागली. शोध मोठा होता. सिलिंडर पाठीवर बांधायची व्यवस्था मात्र साधी होती: खांद्याचे पट्टे, कमरेचा पट्टा, झाले. पुढे प्लॅस्टिकचे साचेबंद पाठ-टेके आले, पण त्यांत तरंगण्याची सोय नव्हती.

ती सोय का लागते, हे आपल्या विज्ञानाच्या सरांनी आर्किमिडीज शिकवताना सांगितलेच होते. पाणबुड्याचा रबरी सूट बुडबुड्यांनी भरलेला असतो. खोल गेले की दाबाने तो चेपतो, त्याची तरंगण्याची ताकद घटते आणि माणूस जड होतो. उलट सिलिंडरमधली हवा संपत जाते तसा सिलिंडर हलका होतो. म्हणजे एकाच डुबकीत माणूस कधी दगड, कधी बूच. हा हिशोब जुळवायला १९६१ साली मॉरिस फेंझी यांनी गळ्यात अडकवायची फुगणारी पिशवी आणली. ती छातीवर असल्याने पाण्यात माणूस उभा राही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जाकिटासारखी अंगात घालायची पिशवी आली. आज मालवणला किंवा अंदमानला गेलात तर बहुतेक ठिकाणी हेच जाकीट मिळते. घालायला सोपे, पण लहान-मध्यम-मोठे अशा ठरलेल्या मापांत शिवलेले, आणि हवा भरली की बरगड्यांना आवळणारे.

खरी अडचण आली ती उत्तर फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये. समुद्रात काही बिघडले तर वर पृष्ठभाग असतो, गुहेत डोक्यावर दगड असतो. तळाशी पिठासारखा गाळ. पायाचा एक चुकीचा फटका बसला की गाळ उठतो आणि दिवा असून दिसत नाही. म्हणून तिथे आडवे, सपाट पोहावे लागते, आणि परत येण्याइतकी हवा हवी म्हणून दोन-दोन सिलिंडर घ्यावे लागतात. तरंगण्यासाठी तिथल्या सुरुवातीच्या काही पाणबुड्यांनी ब्लीचच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्या वापरल्या होत्या. आपला विहिरीतला डबाच म्हणा ना!

त्या गुहांत माणसे मरत होती. शेक एक्स्ली या पाणबुड्याने १९७९ साली अशा अपघातांचा अभ्यास करून पुस्तक लिहिले. त्याने काढलेली कारणे साधी होती: बाहेर नेणारी सलग दोरी नसणे, परतीसाठी पुरेशी हवा राखून न ठेवणे, झेपणार नाही इतके खोल जाणे. त्याच वर्षी, त्याच गुहांसाठी ग्रेग फ्लॅनगन याने धातूची पाटी बनवली, असे श्रेय त्याला दिले जाते. बिल होगार्थ मेन याने पुढे तिच्यातले नको ते काढत काढत पट्ट्यांची मांडणी इतकी साधी केली की आजही तिला त्याच्याच नावाने 'होगार्थियन' म्हणतात. दुकाने आणि कंपन्या नंतर, १९८०च्या दशकात आल्या. १९७९ हे आपल्यापैकी बहुतेकांचे जन्मसाल, म्हणजे ही पाटी आपल्याच वयाची आहे.

तिची मला आवडणारी गोष्ट म्हणजे तिच्यातल्या दोन भोकांमधले अंतर. ते ११ इंच, सुमारे २८ सेंटीमीटर असते. जोडसिलिंडर एकत्र धरणाऱ्या पोलादी पट्ट्यांचे बोल्टही त्याच अंतरावर. एका कंपनीची पाटी, दुसरीची विंग, तिसरीचे सिलिंडर, तरी सगळे एकमेकांत बसते. माझ्या व्यवसायात अशा ठरलेल्या जोडणीवर आम्ही महिनोन् महिने बैठका घेतो. (कॉम्प्युटरबद्दल एवढेच, संयोजकांनी माफ करावे.)

दुसरी गोष्ट म्हणजे पट्टा. तो असतो सुमारे दोन इंच रुंदीचा, नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा, घट्ट विणलेला. आपल्या भाषेत सांगायचे तर नवार. आजीच्या घरी नवारीच्या पलंगावर झोपलेल्यांना तो हाताला लागताच ओळखू येईल. जुन्या मिलच्या आणि मागांच्या गावात वाढलेल्याला ताण्याचे धागे किती घट्ट बसलेत हे बोटानेच कळते. नवार मऊ असेल तर खाचेतून सरकते, फार ताठ असेल तर खांद्यावर चरे पाडते. होगार्थियन मांडणीत ही नवार एकाच सलग तुकड्याची असते. खांद्यावर प्लॅस्टिकचे बक्कल नाही की जोड नाही, म्हणून तुटायलाही फारसे काही नाही. कमरेला एक धातूचे बक्कल आणि दोन पायांमधून वर येणारा एक पट्टा. हा शेवटचा पट्टा म्हणजे विहिरीवरच्या काकाची गाठ: पाटी मानेकडे सरकू न देणारी.

आता निवडीचे. पाटी कोणती घ्यायची हे तुमच्यावर नाही, सिलिंडरवर ठरते.

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतो तो ११ लिटरचा एकच ॲल्युमिनियमचा सिलिंडर. रिकामा चौदा किलोच्या आसपास, आत दाबून भरलेली हवा अडीच किलोच्या वर. हवेलाही वजन असते हे शाळेत पाठ केले होते, ते इथे पाठीला कळते. हवा संपत आली की हा सिलिंडर चक्क तरंगू पाहतो, जवळजवळ दोन किलोने. म्हणून त्याच्याबरोबर पोलादी पाटी बरी. तिचे अडीच-तीन किलो वजन नेमके पाठीवर येते आणि कमरेला शिशाचे तेवढे तुकडे कमी बांधावे लागतात. विंग मात्र अरुंद हवी. जोडसिलिंडरची रुंद विंग एका सिलिंडरला लावली तर तिच्या कडा दोन्ही बाजूंनी वर वळून त्याला वेढतात, आतली हवा अडकते आणि माणूस एका अंगावर कलतो. एक सिलिंडर पाटीला बांधायला दोन कॅम-पट्टे पुरतात. पाटीला त्यासाठी खाचा नसल्या तर मध्ये जोडपट्टी बसवतात.

सिलिंडर पोलादी असेल तर हिशोब उलटतो. तो रिकामा झाला तरी बहुधा बुडताच राहतो. दोन पोलादी सिलिंडर, त्यावर पोलादी पाटी, आणि अंगात आपल्या उबदार समुद्रातला पातळ सूट, असे केले तर माणूस गरजेपेक्षा जड होतो. विंग फाटली तर एवढे ओझे घेऊन पोहत वर येता येईल का, हा प्रश्न किनाऱ्यावरच विचारायचा असतो. अशा वेळी किलोभराची ॲल्युमिनियमची पाटी शहाणपणाची. दोन ॲल्युमिनियमचे सिलिंडर असतील तर मात्र पोलादी पाटीच हवी, कारण शेवटी दोघे मिळून चारेक किलोने वर ओढतात. कसोटी एकच: डुबकीच्या अखेरीस, सिलिंडर जवळजवळ रिकामा असताना, पाच मीटरवर विंगमध्ये हवा न भरता शांत थांबता आले पाहिजे.

तिसरा प्रकार पाटीच काढून टाकणारा. इंग्लंडच्या गुहांतल्या पाणबुड्यांना चिखलातून सरपटत जावे लागे, पाठीवर सिलिंडर घेऊन फटीत शिरता येत नसे. त्यांनी तो कुशीला टांगला. आज त्याला 'साइडमाउंट' म्हणतात. २०१८ साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेली बारा मुले आणि त्यांचे प्रशिक्षक आठवत असतील. त्यांच्यापर्यंत पहिल्यांदा पोहोचलेले रिक स्टँटन आणि जॉन व्होलांथन याच परंपरेतले. ८ ते १० जुलै या तीन दिवसांत मुलांना बाहेर काढले, तेव्हा प्रत्येक मुलाचा सिलिंडर पाठीवर नव्हे तर पुढच्या बाजूला बांधला होता. त्या गुहेतले पाणी उपसण्याच्या सल्ल्यासाठी किर्लोस्कर ब्रदर्सचे अभियंते गेले होते, तेव्हा आपल्या सांगलीकडच्या किर्लोस्करवाडीचे नाव त्या बचावाशी जोडले गेले. आणि याच मोहिमेत, ६ जुलैला, गुहेत हवेचे सिलिंडर ठेवून परतताना समन कुनान हा थाई नौदलाचा माजी पाणबुड्या मरण पावला. सिलिंडर कुठे आणि कसा न्यायचा हा प्रश्न केवळ हौसेचा नाही, हे त्या आठवड्याने जगाला दाखवले.

आपल्या किनाऱ्यावरही या ओझ्याचा इतिहास आहे. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी डॉ. एस. आर. राव यांच्या मार्गदर्शनाखाली १९८०च्या दशकात द्वारकेला पाण्याखाली उत्खनन केले. पुढे त्याच संस्थेने गोव्याजवळच्या सुंची रीफवर फुटलेल्या पोर्तुगीजकालीन जहाजाचे अवशेष अभ्यासले. त्यांत हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात होते. अशा कामात तळावर पाय न टेकता आडवे राहून मोजमाप घ्यावे लागते. १९८७ साली अभयारण्य घोषित झालेल्या मालवणच्या समुद्रात पाणी उथळ आहे, तिथे जाकीट पुरते. पण किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून दूर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी प्रदेश आहे. त्याचा माथाच वीसेक मीटर खाली. तिथल्या प्रवाळावर काम करायचे तर ओझे अंगाला चिकटलेलेच हवे.

शेवटी माझे स्वतःचे कारण. माझी उंची तुम्हाला माहीत आहे, प्रार्थनेच्या रांगेत मी कायम पहिली. एका ठिकाणी भाड्याने मिळालेले सगळ्यात लहान जाकीटही मला इतके मोठे होते की पाण्यात ते कानापर्यंत वर चढले आणि सिलिंडर डोक्यावर आपटत राहिला. 'मॅडम, लेडीजना असंच होतं,' असे उत्तर मिळाले. पाटीला लेडीज-जेंट्स नसते. नवार माझ्या खांद्याच्या मापाने ओढायची, जास्तीची कापायची आणि टोक मेणबत्तीवर धरून वितळवायचे. माप बरोबर असल्याची खूण अशी: पट्टा किनाऱ्यावर थोडा सैल वाटावा, तळहात त्याखाली सहज सरकावा, आणि पाण्यात हात मागे नेऊन सिलिंडरच्या व्हॉल्व्हला बोटे लागावीत. ती लागली नाहीत तर पाटी फार खाली आहे. पंचेचाळिशीत पाठीचे दुखणे सर्वांनाच आहे. पण मोजून बांधलेले ओझे मला कधी जड वाटलेले नाही, जड वाटते ते दुसऱ्याच्या मापाचे.

तेव्हा दिवाळीनंतर मालवणचा बेत करणाऱ्यांना एवढेच सांगते. पहिल्या डुबकीला काही विकत घेऊ नका. तिथले प्रशिक्षक देतील ते घाला, फक्त पट्टे आवळताना लाज न बाळगता 'वर सरकतंय' असे सांगा. पुढे रीतसर प्रशिक्षण घ्यावेसे वाटले तर आधी कोणत्या सिलिंडरने जाणार ते ठरवा, मग पाटी, मग विंग, आणि नवार सर्वांत शेवटी, स्वतःच्या अंगावर मापून. स्नेहसंमेलनाला मी माझी पाटी घेऊन येणार आहे. विज्ञानाच्या सरांनी ती हातात घेऊन वजनाचा अंदाज सांगावा, आणि बाईंनी 'कारणे द्या'चे माझे हे उत्तर तपासून गुण द्यावेत, ही विनंती.