तणनाशकाला न जुमानणारे गाजर गवत आणि बंगळुरूचे भुंगे

बंगळुरू : एकाच गटातील तणनाशक दरवर्षी फवारले, की त्याला दाद न देणारी मोजकी रोपे तग धरतात. पुढे त्यांचेच बी शेतभर पसरते आणि काही हंगामांत ते तणनाशक निष्प्रभ ठरते. भारतात १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले गाजर गवत याचे ठळक उदाहरण आहे. कोलंबियात ते ग्लायफोसेटला, तर ब्राझीलमधील सोयाबीनच्या शेतांत एएलएस या विकराला रोखणाऱ्या तणनाशकांना जुमानत नसल्याची नोंद आहे. आपल्याकडे सोयाबीनमध्ये सर्रास वापरले जाणारे इमॅझेथापायर याच गटातील आहे.

फवारणीवरील भिस्त कमी करणारा एक उपाय बंगळुरूतून पुढे आला. मेक्सिकोतून १९८३ मध्ये आणलेले झायगोग्रामा भुंगे चाचण्यांनंतर १९८४ मध्ये येथे सोडण्यात आले. भुंगे व त्यांच्या अळ्या पावसाळ्यात गाजर गवताची पाने फस्त करतात. त्यांचे कोष जमिनीत असल्याने आंतरमशागत होणाऱ्या शेतापेक्षा बांध व पडीक जमिनीवर ते अधिक उपयुक्त ठरतात. शेतात बी येते तेही बहुधा तेथूनच.

सोयाबीनसाठी पेरणीनंतरचे पहिले ३० ते ४५ दिवस निर्णायक असतात. पेंडीमेथॅलिनसारखे वेगळ्या गटातील उगवणीपूर्व तणनाशक, वेळेवर कोळपणी व खुरपणी आणि पिकांची फेरपालट यांची सांगड घालावी. शिफारशीपेक्षा कमी मात्रा वापरू नये. फवारणीतून वाचलेले झाड फुलोऱ्यापूर्वीच, हातमोजे घालून उपटावे. एका झाडापासून हजारो बिया तयार होतात.